सणांची सजावट घरात नीट कशी ठेवावी: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

गौरी-गणपतीचं मखर, नवरात्रातले घट आणि समया, दिवाळीचे कंदील, गुढीची काठी, लहान मुलांच्या किल्ल्यावरचे मावळे. प्रत्येक घरात हे सामान असतं आणि वर्षातले साडेअकरा महिने ते कुठेतरी पडून असतं. त्या काळात त्याचं काय होतं, याकडे फारसं कुणी बघत नाही. सण तोंडावर आला की पेटी उघडते आणि कळतं, मखमलीला बुरशी आली आहे, माळ पेटत नाही, गौरीच्या गालाचा रंग उडाला आहे.

नाशकात सजावट बिघडण्याचं मोठं कारण म्हणजे ती चुकीच्या दिवशी बंद होते. पेटी कोणती, जागा कोणती, हे त्यानंतरचे मुद्दे. म्हणून सुरुवात तिथूनच.

गणपतीचं सामान विसर्जनानंतर लगेच बांधून माळ्यावर टाकलं तर काय बिघडतं?

भाद्रपदात आपल्याकडे पाऊस संपलेला नसतो. त्र्यंबक-इगतपुरीसारखी झोड शहरात नसली तरी हवा ओलीच असते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठच्या घरांना तर ती ओल भिंतींतूनच जाणवते. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कापड, कागद, लाकूड, चामडं यांवर बुरशी धरते. अशा दिवसांत मखमलीचा पडदा हाताला कोरडा लागतो, पण त्याच्या धाग्यांत ओल मुरलेली असते. तो घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात घातला, की ती ओल आपण आतच कोंडली. पुढे बाहेर कितीही कोरडं ऊन पडलं तरी डब्यातल्या हवेला त्याचा उपयोग नाही.

म्हणून दोनदा बांधायचं. विसर्जनानंतर कच्ची बांधणी: सगळं पुसून, जुन्या सुती चादरीत किंवा उशीच्या अभ्र्यात घालून, हवा लागेल अशा खोलीत जमिनीपासून वर ठेवायचं. डबे बंद करायचे नाहीत. पक्की बांधणी दिवाळीनंतर. तुळशीचं लग्न होतं, त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर दिवे लागतात, तोवर नाशिकची हवा छान कोरडी झालेली असते. त्या आठवड्यातली एखादी दुपार काढा आणि गणपतीचं, नवरात्राचं, दिवाळीचं सामान एकत्रच बंद करा. घरातल्यांना हे पटवणं थोडं अवघड जातं, कारण महिना-दोन महिने एक कोपरा अडकून राहतो. पण एवढं एक पाळलं तरी निम्मे प्रश्न उरत नाहीत.

मग एकदा बंद केलं की थेट सणालाच उघडायचं का?

नाही, मध्ये एकदा उघडायचं. कुरडया-पापडांची वाळवणं पडतात तेव्हा, म्हणजे चैत्र-वैशाखात. गच्चीवर खाट टाकलेलीच असते. सुती तोरणं, पडदे, आसनं उन्हात घाला. रेशमी आणि रंगीत कापड मात्र सावलीतच पसरा, कारण वैशाखातलं आपलं ऊन रंग खातं. डबेही रिकामे करून पुसून घ्या. मृग लागायच्या आत सगळं परत बंद झालं पाहिजे.

फ्लॅटमध्ये जागा कुठली निवडावी?

इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोड, कुठेही जा, पर्याय साधारण तेच: स्वयंपाकघरावरचा किंवा बाथरूमवरचा लॉफ्ट, बॉक्सचा पलंग, कपाटाचा वरचा कप्पा, बाल्कनी.

बाथरूमवरचा लॉफ्ट सजावटीसाठी सर्वांत वाईट. गिझरची वाफ वर जाते आणि तिथेच मुरते. तिथे बादल्या, जुने पाइप, पितळी पातेली ठेवा. कापड-कागद नको. स्वयंपाकघरावरच्या लॉफ्टवर तेलकट वाफेचा थर बसतो, पण झाकणाच्या डब्यात दिव्यांच्या माळा आणि प्लॅस्टिकची फुलं ठेवायला हरकत नाही. शेवटच्या मजल्यावर स्लॅब एप्रिलमध्ये इतका तापतो, की त्याला लागून ठेवलेल्या मेणबत्त्या वाकतात आणि गोंदाने चिकटवलेले खडे-टिकल्या सुटतात.

बॉक्सचा पलंग सगळ्यांत चांगला, फक्त तो बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकलेला नसावा. चार बोटं तरी अंतर ठेवा. बाल्कनीत काही ठेवायचंच असेल तर फक्त मखराचा लोखंडी किंवा पीव्हीसी पाइपचा सांगाडा ठेवा.

आमचं घर जुन्या नाशकातला वाडा आहे. माळ्यावर उंदीर फार. काय करावं?

पत्र्याची ट्रंक. याला दुसरं उत्तर नाही. उंदीर प्लॅस्टिकचा जाड डबाही कोपऱ्यातून कुरतडतो. माळ्याच्या लाकडाला वाळवी असेल तर पुठ्ठा, कापड आणि लाकडी मखर तिथे जाऊच देऊ नका. ट्रंक थेट तक्तपोशीवर न टेकवता चार विटांवर ठेवा, म्हणजे खालून हात फिरवता येतो आणि वाळवीची मातीची रेघ दिसली तर वेळेवर दिसते. ट्रंकेला आतून गंज धरला असेल तर तो घासून, रंगाचा हात देऊन, वर सुती कापड अंथरा. गंजाचा डाग पांढऱ्या कापडावरून जवळजवळ निघत नाही.

उंदीर येतो तो वासाने. प्रसादाचा कण अडकलेलं ताट, साखरेची गाठी, गौरीच्या कोठीतले चार दाणे, तेलाची पणती यांतलं काहीही ट्रंकेत गेलं तर तो रस्ता शोधणारच.

द्राक्षांची रिकामी खोकी वापरली तर चालतील?

हंगामात घरोघरी ती साठतात आणि मजबूत दिसतात, त्यामुळे मोह होतो. पण पुठ्ठा पावसाळ्यात ओल शोषून घेतो, त्याच्या पन्हाळीत झुरळं अंडी घालतात, त्याचा गोंद किड्यांना खाऊ होतो. द्राक्षाचा रस लागलेला असेल तर मुंग्याही आल्या. पक्क्या ठेवणीला ही खोकी नकोत. घर बदलताना तेवढी चालतील.

गौरींचे मुखवटे कसे ठेवावेत? सासूबाईंकडून आलेले शाडूचे आहेत, मला त्यांची फार काळजी वाटते.

काळजी वाटणं बरोबरच आहे. हा एवढा एक जिन्नस असा आहे, की बिघडला तर दुकानातून दुसरा आणून भागत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

शाडू ही न भाजलेली माती. तिला पाणी लावायचं नाही, ओला फडका तर नाहीच. मऊ, कोरड्या ब्रशने, रंगाचा नवा ब्रश असतो तसल्या, भुवयांच्या आणि नाकाच्या कडेची हळद-कुंकवाची पूड झटकायची. कुंकवाचा कण तसाच राहिला आणि दमट हवा लागली तर तो रंगात उतरतो.

मग धुतलेल्या जुन्या मलमलच्या किंवा धोतराच्या कापडात गुंडाळा. फुग्यांचं प्लॅस्टिक (बबल रॅप) थेट चेहऱ्याला लावू नका. उन्हाळ्यात ते तैलरंगाला चिकटतं आणि गोल गोल ठसे उठतात. आधी कापड, वाटल्यास त्यावर प्लॅस्टिकचे फुगे. मुखवटा पालथा ठेवायचा नाही, नाकावर भार येतो. डब्याच्या तळाला कापडाची चुंबळ करून त्यात तो उताणा बसवा. ज्येष्ठा आणि कनिष्ठा वेगळ्या कप्प्यांत, वर दुसरं काहीही नाही. डब्यावर नाव लिहा आणि तो डबा घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या, म्हणजे दुसरं काही शोधताना कुणी त्यावर पाय देणार नाही.

बारीक तडा गेला असेल तर घरी फेव्हिकॉलने बुजवू नका. नाशकात शाडूच्या मूर्ती घडवणारे कारागीर आहेत. श्रावणाच्या आधी, त्यांच्या कामाची घाई सुरू होण्यापूर्वी, मुखवटा त्यांच्याकडे न्या.

पितळी मुखवटे असतील तर हे सगळं सोपं होतं: घासून, कोरडे करून, कापडात. धडाच्या कोठीत गहू-तांदूळ भरत असाल तर सण झाल्यावर ते काढून घ्या, कोठी उलटी करून झटका. वर्षभर दाणे राहिले तर सोंडे होतात.

गौरीच्या साड्या, गुढीचं वस्त्र, घरातली पैठणी?

येवला आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे नाशिकच्या घरांत गौरीला पैठणी नेसवणं नवलाचं नाही. जरीला तीन गोष्टी सोसत नाहीत: ओल, अत्तराचा फवारा आणि एकाच घडीत वर्षानुवर्षं पडून राहणं. साडी मलमलमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर रेशीम नेमकं घडीच्या रेषेवर चिरतं. जरीचा काठ आतल्या बाजूला येईल अशी घडी घाला. लोखंडी हँगरवर टांगू नका.

हळदीचा डाग असेल तर ठेवण्याआधीच बघा. सुती कापडावरची हळद साबण लागला की लाल होते, त्याला घाबरू नका. धुऊन दोन-तीन दिवस उन्हात टाका, ऊनच हळदीचा रंग उडवतं. रेशमाला हा उपाय नाही, ते ड्रायक्लीनला द्या आणि देताना डाग हळदीचा आहे हे सांगा. कुंकवाचा डाग ओला चोळला की पसरतो, आधी कोरडाच झटका.

डांबरगोळ्या आणि कापूर दोन्ही टाकले तर जास्त चांगलं ना?

दोन्ही एकत्र कधीच नको. डांबरगोळी आणि कापूर एकमेकांना लागले की दोन्ही मऊ पडून पाझरतात. आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच. तो तेलकट डाग रेशमावरून निघत नाही. कापूर किंवा डांबरगोळी, एकच काहीतरी, तेही कापडाच्या पुरचुंडीत आणि जरीपासून लांब. डांबरगोळी प्लॅस्टिकच्या फुलांजवळ आणि थर्माकोलजवळही ठेवू नका, ते विरघळतात. तान्हं बाळ असलेल्या घरात डांबरगोळी वापरूच नये असं माझं मत आहे. तो वास कपड्यांत राहतो आणि काही बाळांना त्याने खरोखरच अपाय होतो.

वेखंडाचे तुकडे आणि खडखडीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरतात. पाला सावलीत इतका वाळला पाहिजे, की मुठीत चुरा होईल. अर्धवट ओला पाला ठेवणं म्हणजे आपणच डब्यात ओल घालणं. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण त्या कायमच्या नसतात. एकदा ओल शोषून भरल्या की पुन्हा वाळवल्याशिवाय त्यांचा उपयोग होत नाही. दरवर्षी बदलणं सोपं.

दिव्यांच्या माळा दरवर्षी गुंततात आणि निम्म्या पेटत नाहीत.

उतरवताना माळ पेटवून बघा, मग गुंडाळा. बिघडलेली माळ तेव्हाच बाजूला काढली तर दिवाळीच्या आदल्या दिवशी मेन रोडच्या गर्दीत शिरावं लागत नाही.

पुठ्ठ्याची वीतभर पट्टी घ्या, दोन्ही टोकांना खाच पाडा. प्लगचं टोक आधी खाचेत अडकवा आणि सैल हाताने गुंडाळत जा. हात आणि कोपराला वेटोळं घालून गुंडाळायची सवय असते, ती सोडा. त्याने वायरला पीळ पडतो आणि जोड तुटतात. थर्माकोलच्या तुकड्यावर तर गुंडाळूच नका. वायरच्या प्लॅस्टिकमधला मऊपणा आणणारा द्रव हळूहळू थर्माकोलमध्ये उतरतो, थर्माकोल वितळून वायरला चिकटतो आणि वायर कडक होते.

सेलवर चालणाऱ्या माळांमधले सेल काढून ठेवा. विसरलेला सेल पाझरला की आतल्या पत्र्या खाऊन टाकतो. अ‍ॅडॉप्टर ज्याचा त्याच्याच माळेला बांधा. सगळे अ‍ॅडॉप्टर एका पिशवीत गेले की कोणता कुणाचा हे ओळखता येत नाही, आणि चुकीचा लावला तर माळ जळते. वेष्टन सोललेली वायर चिकटपट्टी लावून पुन्हा वापरू नका. कंदिलाच्या कागदाशेजारी ती लागणार आहे, हे लक्षात असू द्या.

कागदाचे आकाशकंदील टिकतात का?

टिकतात. घडीचे कंदील मिटून, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, आडवे ठेवा. बांबूच्या कामट्यांचा, घरी केलेला पारंपरिक कंदील असेल तर त्याच्या कागदी करंज्या आणि शेपट्या सोडवून वेगळ्या ठेवायच्या. नुसता सांगाडा कपाटावर मावतो. पुढच्या वर्षी नवा कागद लावायचा, त्याचीच तर मजा असते.

कंदील खळीने चिकटवलेला असेल तर त्याला कसर लागते, कारण खळ म्हणजे पीठच. पुस्तकं बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, त्याने कीड येत नाही. मोरचूद विषारी आहे, म्हणून ते काम मोठ्यांनीच करायचं आणि भांडं स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही.

मखर दरवर्षी नवं घ्यावं की जपावं?

जपावं. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा तो प्रश्नच नको. लाकडी, बांबूचं किंवा कापडी पडद्याचं मखर एकदा चांगलं घेतलं की अनेक वर्षं पुरतं.

सोडवताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. जिथे दोन भाग जुळतात तिथे दोन्हीकडे पेन्सिलीने एकच आकडा लिहा. नट-बोल्ट कापडी थैलीत घालून ती थैली मखराच्याच दांड्याला बांधा. ‘जपून’ दुसऱ्या खणात ठेवलेले नट-बोल्ट हमखास सापडत नाहीत. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे, भाग उभे ठेवा आणि खाली दोन लाकडी पट्ट्या द्या, कारण फरशी पुसताना लागलेलं पाणीही ते शोषतात आणि कडा फुगल्या की परत बसत नाहीत.

समया, निरांजनं, चांदीचा देव्हारा काळा पडतो तो कशाने?

पितळ चिंचेने, लिंबाने किंवा पितांबरीने घासल्यावर भरपूर पाण्याने धुवायचं. आंबटाचा अंश राहिला की तिथेच हिरवा थर येतो. समईचे भाग सुटे करा, आट्यांमधलं पाणी कापडाच्या टोकाने टिपा, उन्हात तासभर ठेवा आणि मगच कापडात गुंडाळा. फार जुनी, नक्षी भरून आलेली समई भांडी बाजारात एकदा दाखवून पॉलिश करून घेतली तर पुढे घरी कमी घासावी लागते.

चांदीला रबरबँड आणि लोकरीचं कापड लावू नका. त्यांतलं गंधक चांदी काळी करतं. हवाबंद पिशवीत, सोबत खडूची एक कांडी, बस्स. गौरीचे बेंटेक्सचे दागिने मऊ कापडाने पुसून एकेक वेगळ्या पिशवीत.

पणत्या, रांगोळी, किल्ल्यावरचे मावळे?

वापरलेल्या पणत्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी घासणीने घासा, दोन दिवस ऊन द्या. तेलकट पणतीला मुंग्या आणि उंदीर दोन्ही येतात. रांगोळीचे रंग बरण्यांत, ओल्या हाताने नाही. मावळे आणि महाराजांची मूर्ती अंड्यांच्या ट्रेमध्ये चांगली बसतात. वरून कापड घाला. मूर्ती मुलांनाच पुसू द्या, मुलं त्या फार हळुवार हाताळतात.

गुढीची काठी उभी ठेवावी की आडवी?

आडवी. न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभी केलेली वेळूची काठी खालून ओल धरते आणि भुंगा तिला पोखरतो. काठीखाली पिठासारखी पूड दिसली तर भुंगा लागला असं समजा, ती काठी इतर लाकडांपासून लगेच दूर करा. भिंतीवर उंच दोन खिळे ठोकून त्यांवर काठी ठेवली की वर्षभर नजरेसमोर राहते. गुढीचा तांब्या देवघरातच बरा.

आम्ही शरणपूरला राहतो, नाताळचा तारा आणि झाड कसं ठेवू?

तुमचं काम सोपं आहे, कारण नाताळचं सामान उतरतं तेव्हा जानेवारी असतो आणि हवा कडक कोरडी असते. थेट पक्कीच बांधणी करा. झाडाच्या फांद्या खालून वर दाबत मिटा आणि सुती दोरीने बांधा. काचेचे गोळे अंड्यांच्या ट्रेमध्ये. गव्हाणीतल्या मूर्ती मातीच्या असतील तर गौरीच्या मुखवट्यांना सांगितलं तेच सगळं लागू. गव्हाणीतलं गवत दरवर्षी नवं घ्या.

एकत्र कुटुंब आहे. कुणी काय कुठे ठेवलं ते दुसऱ्याला सापडत नाही.

प्रत्येक डब्याच्या झाकणावर आणि एका बाजूवरही सणाचं नाव लिहा. नुसतं झाकणावर लिहिलं तर एकावर एक रचल्यावर दिसत नाही. आत यादीचा कागद, तीच यादी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो काढून. यादीत उणीवही लिहा: ‘तोरणाचे दोन मणी तुटले’, ‘मोठ्या समईची वात-चिमटी हरवली’. गणपती आणि गौरीचं सामान वेगळ्या डब्यांत ठेवा, कारण गौरी मागून येतात आणि त्या दिवशी स्वयंपाकाची घाई असते. सामान काढण्याचं काम एकट्या सूनबाईवर किंवा आजींवर पडू देऊ नका. लॉफ्टवर चढणारा एक, खाली घेणारा एक, पुसणारा एक, असं ठरवून घ्या.

जे आता नकोच आहे, त्याचं काय करावं?

झेंडूच्या माळांचा दोरा काढून फुलं कुंडीत किंवा खताच्या खड्ड्यात घाला. नाहीतर पालिकेच्या निर्माल्य कलशात टाका, गोदावरीत नको. सुकलेल्या झेंडूचं बी ठेवलं तर ज्येष्ठ-आषाढात पेरून दसऱ्याला घरची फुलं मिळतात. चांगले कंदील आणि तोरणं दिवाळीआधी महिनाभर कुणाला तरी देऊन टाका. सण झाल्यावर दिली तर घेणाऱ्याला वर्षभर सांभाळत बसावं लागतं. बिघडलेल्या माळा, सेल आणि अ‍ॅडॉप्टर घंटागाडीत देताना ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका, वेगळ्या पिशवीत बांधून तसं सांगून द्या. जुना थर्माकोल घरी जाळायचा नाही, तो धूर फार वाईट. फिरकीवर नायलॉनचा मांजा उरला असेल तर तो बारीक तुकडे करून, कागदात गच्च गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्या. २०१७ पासून त्यावर देशभर बंदी आहे आणि तो घरात ठेवण्यासारखाही नाही.